दगडफुलाच्या हयातीबाबत

मला राष्ट्रीय संशोधन पाठबळ मंडळाची फेलोशिप मिळाली. पाच वर्षांची, पूर्ण, दर महिन्याला वेळेवर येणारी.

आता वरचा परिच्छेद तुम्ही वाचलाच नाही असं समजा. मीही तो लिहिलेला नाही. मंडळाच्या नोंदीत तसं काही घडलेलं नाही, आणि मंडळाच्या नोंदीत जे घडलेलं नाही ते घडलं असं म्हणणाऱ्याला पुढच्या तीन फेऱ्यांत अर्ज करता येत नाही. मला तसाही करता येत नाही, पण शिस्त म्हणून पाळते. तर काहीही घडलेलं नाही, इथून सुरुवात करू.

मी कस्तुरी खोराटे, एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, मुक्काम गारगोटी. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, त्याला आधीच पुरेसं वाईट वाटतं. ही गोष्ट सुरू होते तेव्हा मला अठ्ठाविसावं पूर्ण व्हायला पाच महिने बाकी होते. फेलोशिपला अठ्ठावीस वर्षांची अट आहे. त्यानंतर माणसाची उत्सुकता संपते असं मंडळाचं मत आहे. मंडळाच्या सदस्यांकडे पाहिलं की ते पटतं.

आणि हे सगळं भाकीत आल्यानंतरचं आहे. भाकीत म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे नंतर कुणाला हसायचं ते कळेल.

शंभर मुलं पीएच.डी.ला बसली की चाळीसेक पूर्ण करतात. उरलेली बँकेची परीक्षा पास होतात. सरकारी पैसा वाया. यावर कुणीतरी हुशार माणसानं उपाय काढला. आजवर छापलेले सगळे शोधनिबंध, सगळे प्रबंध, फसलेल्या प्रकल्पांचे अहवालसुद्धा एका यंत्राला वाचायला दिले. इतकं वाचल्यावर यंत्राला संशोधनाची चाल कळायला लागली. अमुक प्रश्न, तमुक पद्धत, असा गाईड, अशी प्रयोगशाळा, आठवड्यातून इतके तास वीज नाही, एवढं दिलं की शेवटी काय निघणार ते यंत्र सांगू लागलं. हवामान खातं जसं आजच्या ढगांवरून उद्याचे ढग सांगतं, तसं हे झालेल्या संशोधनावरून होणारं संशोधन सांगतं. फॉर्म भरा, चार मिनिटं थांबा, की तुमचा पाच वर्षांनंतरचा निष्कर्ष पडद्यावर येतो. सोबत एक आकडा: हा निष्कर्ष निघण्याची शक्यता किती टक्के. त्या आकड्याला विश्वासांक म्हणतात.

इथवर बरं होतं. यंत्रानं कुणाचं वाईट केलेलं नव्हतं. मग मंडळानं नियम केला, की विश्वासांक नव्वदच्या वर असेल तरच फेलोशिप.

म्हणजे उत्तर आधीच माहीत असेल तरच ते शोधायला पैसे. मी परिपत्रक पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, आपल्याला नीट कळलेलं नाही. तीनदा वाचलं. नीट कळलेलं होतं.

लोक फार लवकर शिकले. दोन वर्षांत मंजूर झालेल्या विषयांत ‘लोहचुंबकाकडे लोखंडाचे आकर्षण: सांगली जिल्ह्याचा विशेष अभ्यास’ होता, ‘सकाळची सावली व संध्याकाळची सावली: दिशांची तुलना’ होता, आणि ‘ओल्या कपड्यांचे वाळणे’ तर दोन विद्यापीठांना विभागून दिला होता. एकाला सुती, एकाला टेरिकॉट.

माझ्या शेजारच्या टेबलावर सुशांत मगदूम बसायचा. त्याचा विषय, पश्चिम महाराष्ट्रातील पाच तालुक्यांत पाणी किती तापमानाला उकळते. विश्वासांक नव्याण्णव पूर्णांक आठ. भाकितानं सांगितलेला निष्कर्ष: शंभर अंश. फेलोशिप घेताना एका हमीपत्रावर सही करावी लागते, की मी भाकिताशी अनुरूप निष्कर्षच काढीन. मगदूमनं डोळे मिटून सही केली. पाणी उकळायला कसली भीती?

एके दिवशी तो पन्हाळ्यावरून आला आणि तोंड पाडून बसला.

“खोराटे, वर सत्त्याण्णवलाच उकळतंय गं.”

“उंचावर हवेचा दाब कमी असतो. सातवीत होतं.”

“मला माहीत आहे. हमीपत्राला माहीत नाही. फॉर्ममध्ये उंचीचा रकानाच नव्हता.”

“मग आता?”

“कुकर नेतोय. शिटी काढून टाकायची, भोकावर दगड ठेवायचा. दगड बरोबर वजनाचा असला की आतला दाब वाढून पाणी शंभरलाच उकळतं. दगड शोधतोय.”

तीन महिने तो पन्हाळ्यावर दगड शोधत होता. फेलोशिप वेळेवर येत होती.

माझा विषय मात्र दगडफूल. तेच, मसाल्यातलं. वरून काळपट, खालून करडं, हातात घेतलं तर वाळक्या कातड्यासारखं लागणारं. ते फूल नाही आणि एक जीवही नाही. बुरशी आणि शेवाळ असे दोघं मिळून दगडफूल होतं. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हात स्वयंपाक करतं. पाणी संपलं की दोघंही आहेत तिथं थांबतात. खाणं बंद, श्वास जवळजवळ बंद. पुन्हा पाणी मिळालं की अर्ध्या तासात जणू मधे काही झालंच नाही असं काम सुरू. ही अवस्था जगणं म्हणायची की मरणं, याला आपल्या भाषेत शब्द नाही. सरकारी कार्यालयाला दुपारी लागू पडणारा शब्द चालू शकेल.

माझा प्रश्न सरळ होता. असं थांबलेलं दगडफूल किती वर्षांनी पाणी घातलं तरी परत येतं?

भाकितानं चार मिनिटांत उत्तर दिलं, “कमाल तीन वर्षे. त्यापुढे मृत्यू. अर्जदारास याहून वेगळे काही आढळण्याची शक्यता अकरा टक्के.” म्हणजे विश्वासांक एकोणनव्वद. अर्ज नामंजूर.

मी छापील कागद घेऊन हेरवाडकर सरांकडे गेले. डॉ. उल्हास हेरवाडकर, माझे गाईड. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी त्यांनी माझ्या हातात भिंग देऊन कॉलेजच्या कुंपणावरचं दगडफूल दाखवलं होतं, आणि म्हणाले होते, “बघ, जंगल आहे.” खरंच होतं. तेव्हापासून मी त्या कुंपणात अडकले आहे.

सरांनी कागद वाचला, चष्मा काढला. “तू आधी काम का नाही करून टाकत?”

“कशाआधी सर?”

“अर्जाआधी. अगं, सगळे असंच करतात. आधी प्रयोग करायचा, उत्तर हातात घ्यायचं, आणि मग अर्जात लिहायचं, ‘असे आढळेल अशी अपेक्षा आहे.’ पैसे मिळाले की त्यात पुढचा प्रयोग उरकायचा, त्याचा अर्ज तीन वर्षांनी. मी नोकरीभर तसंच केलं. भाकीत नव्हतं तेव्हाही समितीला उत्तर आधीच हवं असायचं. तेव्हा फक्त लाजेनं मागायचे.”

“पण सर, दहा-पंधरा वर्षं वाळलेलं दगडफूल मी आणू कुठून? आज वाळत घातलं तर मी चाळिशीची होईन.”

सर म्हणाले, “हो, ते आहे.” आणि चहा मागवला. त्यांच्याकडे संपलेल्या प्रत्येक युक्तिवादावर चहा असे.

वाळलेलं दगडफूल माझ्या घरात होतं. मी त्याच्या वासात लहानाची मोठी झाले, आणि दोन वर्षं संदर्भग्रंथांत नमुने शोधत होते. उच्च शिक्षणाचा हा परिणाम असतो.

आईचा गारगोटीत डंक आहे. डंक म्हणजे चटणी-मसाला कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होतात आणि अख्खी गल्ली शिंकते. डंकावर एकच पाप असतं, एकाचा माल दुसऱ्याच्या मालात जाणं. बायका आपली मिरची कांडून होईपर्यंत स्टूल टाकून समोर बसतात आणि नजर हलवत नाहीत. तरीही दरवर्षी कुणीतरी येऊन म्हणतंच, “औंदाच्या चटणीला मागल्या वर्षासारखी चव न्हाई, माल बदललासा.” म्हणून आईनं सवय लावून घेतली. दरवर्षी येणाऱ्या प्रत्येक जिनसातली मूठभर काचेच्या बरणीत ठेवायची. वर चिठ्ठी, कुठल्या वर्षाचं, कुणाकडून घेतलं. भांडण आलं की बरणी पुढं. बावीस वर्षांचं दगडफूल, बावीस बरण्या, माडीवर ओळीनं उभ्या.

“आई, ह्यातलं थोडं थोडं मला पाहिजे.”

“कशाला गं?”

“पाणी घालून बघायचंय.”

आईनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. “एम्मेस्सी झालीस ना तू?”

प्रयोगशाळेतून मी मीटर उसनं आणलं. त्याचं तत्त्व सोपं आहे. हिरव्या पेशींवर प्रकाशाचा झोत टाकला की त्यातला थोडा प्रकाश त्या लाल करून परत फेकतात. जिवंत पेशी हिशेबानं परत फेकते, कारण बाकीचा तिला स्वयंपाकाला लागतो. मेलेलीला हिशेब नसतो. मीटर त्यावरून आकडा देतं: मेलेल्याचा शून्य, ठणठणीत असेल तर शून्य पूर्णांक सहाच्या आसपास. एकच पथ्य, दगडफूल ओलं पाहिजे. कोरडं असताना जिवंतही शून्यच दाखवतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं माझी लाज त्यात आहे.

बावीस बशा खिडकीत मांडल्या. पाणी शिंपडलं. नऊ वर्षांपर्यंतची सगळी दगडफुलं परत आली. दहापासून सोळापर्यंत शून्य, शून्य, शून्य. मग सतरावी बरणी. शून्य पूर्णांक पाच आठ.

मी मीटर बंद करून चालू केलं. पाच आठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाच आठ. पुढच्या पाचही बरण्या मेलेल्या. सतराव्या वर्षाच्या चिठ्ठीवर आईच्या अक्षरात होतं, ‘बाजीराव, आंबोलीवाला. एकदाच आला.’

“हा बाजीराव कोण?”

“आला हुता एक म्हातारा. खांद्यावर पोतं. दगडफूल चांगलं दिलं, भाव जास्ती सांगिटला. परत फिरकला न्हाई.” आईनं बशीत वाकून पाहिलं. वाळका करडा तुकडा पोपटी झाला होता. “अगं बाई. हे जितं हाय व्हय? मी ह्येला सतरा वर्सं झाकण लावून ठेवलंया.”

आणि तिनं त्या दगडफुलाची माफी मागितली. मी हसले नाही. आजवर या विषयात त्या दगडफुलाशी इतकं सभ्य कुणी वागलेलं नव्हतं.

सतराच का? सोळा मेलं, अठरा मेलं, मग हेच का थांबून राहिलं? त्या बरणीतला मूठभर माल म्हणजे तळहाताएवढा हा एकच तुकडा, जगात दुसरा नाही. त्यात काय होतं जे बाकीच्यांत नव्हतं? मला पीएच.डी. याच्यासाठी हवी होती. नावापुढं डॉक्टर लावायचा मोह असता तर होमिओपॅथी केली असती.

सरांच्या पद्धतीनं अर्ज लिहिला. ‘नऊ वर्षांपर्यंतचे नमुने, तसेच नमुना क्रमांक सतरा, जिवंत आढळतील अशी अपेक्षा आहे.’ चार मिनिटं. विश्वासांक: चार. ‘सदर निष्कर्ष निघणे जवळपास अशक्य.’

“पण निघालाय,” मी पडद्याला म्हणाले. मग मंडळाला फोन केला. तिथल्या बाई फार गोड होत्या.

“मॅडम, तो निष्कर्ष निघालाय. माझ्याकडे आकडे आहेत.”

“म्हणजे संशोधन पूर्ण झालंय का तुमचं?”

“हा भाग झालाय.”

“मग अपात्र. पूर्ण झालेल्या संशोधनाला फेलोशिप नसते.”

“बरं, नाही झालेलं.”

“मग चार टक्के.”

झालंय म्हटलं तर बाद, झालं नाही म्हटलं तर अशक्य. सरांची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण लोकांची उत्तरं यंत्राला आधीच ठाऊक असलेली होती. उत्तर खरोखर नवं निघालं की युक्ती मोडते, हे कुणाला कळलंच नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

भाकिताला ‘आधार दाखवा’ असं विचारता येतं. कोणी विचारत नाही. मी विचारलं. तीन वर्षांच्या मर्यादेला एकशे बारा संदर्भ होते. एकशे अकरा जणांनी एकमेकांचे आणि शेवटी सगळ्यांनी एकाच निबंधाचे संदर्भ दिले होते. पहिला, मूळ निबंध: हेरवाडकर, उ. ग.

सर खोलीत एकटेच होते. मी निबंध टेबलावर ठेवला.

“सर, तीन वर्षं हे तुम्ही शोधलंत?”

त्यांनी पहिलं पान बोटानं सरळ केलं. “माझा गाजलेला निबंध आहे तो.”

“चौथ्या वर्षी काय झालं?”

“चौथं वर्ष नव्हतं.”

“म्हणजे?”

“प्रकल्प तीन वर्षांचा होता, कस्तुरी. मुदत संपली, नमुने ठेवलेला फ्रीज दुसऱ्या विभागानं नेला. मी लिहिलं, ‘तीन वर्षांपर्यंत जिवंत आढळले.’ ते खरं आहे. पुढच्या माणसानं लिहिलं, ‘तीन वर्षे जगते.’ त्याच्या पुढच्यानं लिहिलं, ‘तीन वर्षांनी मरते.’ मला पत्र पाठवायला हवं होतं. पण प्रत्येक चुकीच्या वाक्यापुढे कंसात माझं नाव होतं. बरं वाटायचं.”

म्हणजे अख्ख्या जगाच्या दगडफुलाचं आयुष्य एका मंजुरीपत्रावरून ठरलं होतं. प्रकल्प पाच वर्षांचा असता तर ते पाच वर्षं जगलं असतं.

चहा सांगायला सरांनी घंटीकडे हात नेला आणि मागे घेतला. “तुला किती दिवस आहेत?”

“सत्तावीस.”

“मग उलटा अर्ज कर. ‘तीन वर्षांनंतर सर्व नमुने मृत आढळतील.’ फेलोशिप घे. सतराचं काम आतल्या आत कर. मी आहे.”

“हमीपत्र आहे सर. शेवटी मेलं असंच लिहावं लागेल.”

“लिही. माझं नाव असतंच त्या वाक्यापुढे.”

उलटा अर्ज: सत्त्याण्णव. मुलाखतीचं पत्र आठवड्यात आलं. मंडळाचे उपसचिव श्री. वाळिंबे यांनी कळवलं होतं, की एकाच अर्जदाराचे दोन परस्परविरोधी प्रस्ताव दिसत असल्याने वादग्रस्त नमुना क्रमांक सतरा संपूर्ण स्वरूपात, तुकडा न करता, मृतावस्थेत सादर करावा.

मगदूम त्या दिवशी प्रसन्न होता. दगड मिळाला होता, मसाई पठाराच्या वाटेवर. “सोपं आहे. सोळाची बरणी ने, तिच्यावर सतराची चिठ्ठी लाव. कोण दगडफुलाचा जन्मदाखला मागतंय?”

“चिठ्ठी नाही बदलणार मी.”

“अगं, निष्कर्ष खोटा लिहायला तयार झालीस तू!”

“तो कागदावर. चिठ्ठी बरणीवर असते.”

“ह्याला काही अर्थ आहे का, खोराटे?”

नव्हता. पण मी डंकावर वाढले आहे. खोटं बोललेला माणूस आमच्याकडं सुधारू शकतो. माल बदलला की गल्लीतून उठतो.

निघताना आईनं बरणी फडक्यात बांधून दिली. “काय म्हणून न्यायलीस ह्येला?”

“मेलंय म्हणून दाखवायला.”

आईनं गाठ घट्ट केली, आणि एवढंच म्हणाली, “त्येला ऐकू जाईल असं बोलू नगंस.”

मंडळाचं कार्यालय पुण्यात आहे. दारातच मोठा पडदा: ‘भाकीत: आजवरची अचूकता १००%’. शंभर. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. शंभर टक्के तर मगदूमचं पाणीसुद्धा नव्हतं.

सर सोबत होते. गाईडची सही हमीपत्रावर लागते. समोर अध्यक्ष मॅडम, संशोधन सोडून वीस वर्षं झालेल्या आणि त्यामुळं अतिशय शांत. शेजारी वाळिंबे, पुढ्यात चार शिक्के रांगेनं.

“नमुना मृत आहे?” वाळिंबेंनी विचारलं.

“मीटर लावून दाखवते.”

पुन्हा वाळवलेलं, कोरडं दगडफूल बरणीतून काढलं, पांढऱ्या कागदावर ठेवलं, झोत टाकला. शून्य. सरांनी खिडकीबाहेर बघितलं. माझ्या हाताला दगडफुलाचा वास येत होता, आमच्या माडीचा.

“उत्तम,” मॅडम म्हणाल्या. “किती स्वच्छ शून्य!”

वाळिंबेंनी मंजुरीपत्र छापलं, शिक्का मारला, माझ्या हातात दिलं. मॅडमनी अभिनंदन केलं. अकरा वाजून वीस मिनिटं. वयाची अट संपायला चार दिवस शिल्लक. फक्त हमीपत्रावर दोन सह्या राहिल्या होत्या, आणि सरांनी पेनाचं टोपण काढलेलं होतं.

वाळिंबेंनी बरणीवर ‘मृत’ अशी चिकटपट्टी लावली, दगडफूल चिमटीत धरलं, आणि टेबलाखालचा तुकडे करायच्या यंत्राचा डबा पायानं पुढं ओढला. कागदांसाठी असतं ते.

“हे काय करताय?” मी.

“मृत नमुना नष्ट करायचा. नियम नऊ. नाहीतर पुढे कोणी पुन्हा तपासत बसतं.”

“ते परत न्यायचंय मला.”

“मेलेलं कशाला?”

ते अगदी साधेपणानं विचारत होते. माझ्या डाव्या हातात पाच वर्षं होती आणि त्यांच्या चिमटीत सतरा. मला वाटलं होतं, अशा वेळी आपण काहीतरी बाणेदार बोलू.

“थांबा,” मी म्हणाले. “मेलेलं नाहीय. खोटं बोलले मी. खाली ठेवा, प्लीज.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग स्वतःसमोरचा पाण्याचा पेला उचलला, वाळिंबेंच्या हातातलं दगडफूल काढून घेऊन बशीत ठेवलं आणि त्यावर हळूच पाणी ओतलं. “अर्धा तास लागेल. बसू या.”

सरकारी टेबलाभोवती चार माणसं अर्धा तास एका बशीकडं बघत बसली. बिस्किटं आली. कुणी खाल्ली नाहीत. एक वाळिंबेंनी खाल्लं. दगडफूल कडेकडेनं पोपटी होत गेलं. मीटर लावलं. शून्य पूर्णांक पाच आठ.

“तीन वर्षं ही मर्यादा माझ्या निबंधातली आहे,” सर म्हणाले. “ती दगडफुलाची नाही, माझ्या प्रकल्पाची होती. नोंद घ्यावी.”

अध्यक्ष मॅडम बशीवर वाकल्या. एक क्षण, शप्पथ सांगते, त्यांचा चेहरा कुंपणावरचं जंगल पहिल्यांदा बघणाऱ्या पोरीसारखा झाला. मग त्या सरळ बसल्या. “वाळिंबे, भाकिताला विचारा.”

वाळिंबेंनी टंकलं. उत्तर आलं: ‘अशी घटना घडण्याची शक्यता चार टक्के. घटना घडलेली नाही.’

“मग आता फेलोशिप रद्द?” मी विचारलं.

“छे छे,” वाळिंबे जरा दुखावलेच. “रद्द केली तर भाकीत चुकलं असं होईल. आम्ही आजवर एकही रद्द केलेली नाही. अशा प्रकरणांना ‘अघटित’ असा शेरा देतो. म्हणजे मंजुरी झाली नाही, मुलाखत झाली नाही, आपण आला नाहीत.”

“अशी किती प्रकरणं आहेत?”

“एकही नाही,” ते म्हणाले. “तोच तर मुद्दा आहे.”

दारावरच्या शंभराचा उलगडा झाला. प्रवेशद्वारावरच्या वहीतलं माझं नाव पांढऱ्या शाईनं झाकलेलं होतं, शाई अजून ओली होती. शिपायानं सरांना विचारलं, “साहेब, आत कसे आलात?” सर म्हणाले, “आलोच नाही,” आणि आम्ही बाहेर पडलो.

चार दिवसांनी मला अठ्ठावीस पूर्ण झाली. सरांनी तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. संपादकांनी पत्राचा विश्वासांक मागवला. सर पुढच्या महिन्यात निवृत्त झाले. आता दर शनिवारी ते डंकावर येतात, मिरचीनं शिंकत माडी चढतात आणि बशांचे आकडे घेतात. आई त्यांना हेरवाडकर मास्तर म्हणते आणि चुकीच्या बरणीचं झाकण उघडलं की ओरडते. मगदूम डॉक्टर झाला. त्याचा दगड विद्यापीठानं काचेच्या पेटीत ठेवला आहे.

मंडळाच्या नियम चौदाखाली अपील करता येतं. नमुना मृत नसल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा लागतो. असे अधिकारी महाराष्ट्रात एकच आहेत, श्री. वाळिंबे. म्हणून पुढील अर्ज काल रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला आहे.

प्रति,
मा. उपसचिव, राष्ट्रीय संशोधन पाठबळ मंडळ, पुणे.

विषय: दगडफूल (बरणी क्र. १७) हयात असल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते, की सदर दगडफूल वय वर्षे सतरा, मूळ राहणार आंबोली, हल्ली मुक्काम खोराटे डंक, गारगोटी, हे आपल्या कार्यालयात न झालेल्या मुलाखतीस समक्ष हजर होते व त्या वेळी जिवंत आढळले. निवृत्तिवेतनधारकांस दरवर्षी हयातीचा दाखला देण्याची शासनाची प्रथा आहे. सदर दगडफुलास कोणतेही वेतन मिळत नसल्याने शासनावर बोजा पडणार नाही.

अर्जदाराची वयोमर्यादा उलटली असून तिच्याविषयी काही मागणे नाही. दगडफुलास मात्र वयाची अट आढळून येत नाही. ते कोरडे करून, चिठ्ठीसह, बरणीत ठेवले आहे.

तरी सदर दगडफूल हयात असल्याचा दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी मिळावा, तपासणीस येताना पेलाभर पाणी आणावे, आणि सोयीची तारीख कळवावी, ही नम्र विनंती. तारीख कितीही वर्षांनी कळवलीत तरी दगडफुलाची हरकत नाही.

कळावे,
कस्तुरी खोराटे
(दगडफुलातर्फे)